अंबाडीचा लाल चहा आणि बीपीची गोळी

धनज, कारंजा परिसराला अंबाडी नवी नाही. कोवळ्या पाल्याची भाजी ज्वारीच्या भाकरीसोबत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते आणि लाल बोंडांचे शरबतही विदर्भात होते. हल्ली हीच बोंडे वाळवून ‘फुलांचा चहा’ म्हणून रोज प्यायली जातात. निरोगी माणसाने कधीतरी कपभर घेतला तर बिघडत नाही. काळजी घ्यायची ती रोजच्या सवयीची.

हे पेय रक्तदाब खरोखर कमी करते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाने ६५ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे रोज तीन कप घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला. मात्र त्यांचा रक्तदाब थोडाच वाढलेला होता आणि त्यांना बीपीची गोळी सुरू नव्हती.

इथेच दोन चुका होतात. गोळीसोबत रोज हा चहा घेतला, तर रक्तदाब जास्त उतरून चक्कर येऊ शकते. वयस्कर माणूस पडून हाड मोडते. दुसरी चूक अधिक घातक : चहाच्या भरवशावर गोळी सोडणे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. तो थेट पक्षाघात होऊनच समोर येऊ शकतो.

फुलांच्या अनेक चहांमुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते. एका प्रयोगात पावासोबत कॅमोमाइलचा चहा घेतल्यावर लोहाचे शोषण ४७ टक्क्यांनी घटले. म्हणून रक्त कमी असलेल्या स्त्रियांनी जेवण किंवा लोहाची गोळी आणि असा चहा यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. गर्भवतींनी अंबाडी-जास्वंदाचा चहा टाळावा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन सुरू असेल, तर कॅमोमाइल नकोच. रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहींनी आंबटपणा मारायला घातलेली साखर-गूळही मोजावा.

आणखी एक गोष्ट. अंगणातले प्रत्येक फूल पिण्याजोगे नसते. पिवळी, लाल, पांढरी अशी कोणतीही कण्हेर हृदयाची लय बिघडवते आणि उकळल्याने तिचे विष जात नाही. धोतराही विषारीच. चुकून असे काही पोटात गेले, तर घरगुती उपाय न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दवाखान्यात ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असे विचारले की काढे आणि चहाही सांगावेत. रोज घेतला जाणारा आणि अंगात फरक पाडणारा पदार्थ म्हणजे औषधच; मग तो आपल्याच शेताच्या धुऱ्यावरचा का असेना.