पोटात काही लागतंय का?

मांजरीचं पोट तपासताना डॉक्टरबाई मांजरीकडे बघत नाहीत. नजर समोरच्या भिंतीवर कुठेतरी असते. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पोट हलक्या चिमटीत धरून बरगड्यांपासून मागे मागे सरकत जातात. टेबलापलीकडचा मदतनीस दर खेपेला एकच विचारतो, "काही लागतंय का?" कधी "नाही, मोकळी आहे" असं लगेच उत्तर येतं. कधी बोटं एका जागी थांबतात, पुन्हा मागे येतात आणि उत्तराला वेळ लागतो.

ही तपासणी भूल दिल्यानंतर होते. घरातली मांजर मांडीवर धरून, गोड बोलून तपासता येते. मासळी बाजारातून पिंजऱ्यात आलेल्या मादीला हात लावायचा म्हणजे हात फाडून घ्यायचा. त्यामुळे पिंजऱ्यातली सरकती जाळी पुढे ढकलून तिला एका कडेला दाबतात आणि जाळीतूनच मांडीत इंजेक्शन देतात. काही मिनिटांत ती आडवी होते. केटामिनमुळे डोळे उघडेच राहतात, ते कोरडे पडू नयेत म्हणून त्यात मलम घालतात. मग पोट चाचपायचं. म्हणजे ती गाभण आहे हे कळतं तेव्हा ती बेशुद्ध असते, केस काढायचं मशीन सुरू झालेलं असतं आणि बाहेर चादरी टाकलेले पिंजरे रांगेत असतात. आत बसून शांतपणे विचार करावा असा हा प्रश्न, पण त्याला किती वेळ द्यायचा हे भुलीचं औषध ठरवतं.

ठाण्याच्या पलीकडच्या एका उपनगरातला हा छोटा दवाखाना आठवड्यातला एक दिवस, बुधवार, भटक्या मांजरांच्या नसबंदीसाठी राखून ठेवतो. मी इथे पहिल्यांदा आले ती आमच्या सोसायटीतली मादी घेऊन. नंतर पिंजरे उचलायला आणि खालची वर्तमानपत्रं बदलायला माणूस लागतो म्हणून येत राहिले. पिंजऱ्यावर चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहिलेलं असतं: 'मच्छी मार्केट, मागची गल्ली, तिरंगी'. तिरंगी म्हटल्यावर मादी असं वेगळं लिहायची गरज नसते, ती जवळजवळ नेहमी मादीच निघते.

गाभण माद्या इतक्या का येतात, याचं उत्तर मांजरीच्या शरीरात आहे. मांजरीचं बीज ठरल्या तारखेला आपसूक सुटत नाही, बहुतेक वेळा ते मीलनामुळेच सुटतं. त्यामुळे मेहनत वाया जाणं कमीच. एका वेतातली पिल्लं वेगवेगळ्या बोक्यांचीही असू शकतात. गर्भकाळ सुमारे 63 ते 65 दिवसांचा. पाच-सहा महिन्यांची, कधी त्याहून लहान, दिसायला अजून पिल्लूच असलेली मादी माजावर येते. आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. दिवस मोठा होऊ लागला की माजाचा जोर वाढतो. थंडीत जरा उसंत मिळते, होळीच्या आसपास ती संपते. त्या दिवसांत बाजारातून आणलेली मोठी मादी गाभण तरी असते, नाहीतर पाजणारी.

पाजणारीची भीती डॉक्टरबाईंना गाभणीपेक्षा जास्त वाटते. पोट चाचपून झालं की त्या आचळ दाबून बघतात. दूध आलं, भोवतीचे केस चाटून झिजलेले दिसले, की कुठल्यातरी पत्र्याखाली, बंद गाळ्यात पिल्लं तिची वाट बघत असतात. मग तिचं ऑपरेशन सगळ्यात आधी उरकायचं आणि शुद्धीवर आल्यावर त्याच संध्याकाळी तिला जागेवर सोडायचं. गाभण मांजरीवरून फोनवर तासतास वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. पाजणारी मादी रात्रभर पिंजऱ्यात ठेवली म्हणून कुणी वाद घातलेला पाहिला नाही. जन्मलेली पण न दिसणारी पिल्लं कुणाच्या हिशोबातच नसतात.

बोटांना काय लागतं, तेही सांगते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मण्यांची माळ लागते, प्रत्येक गर्भ सुटा सुटा. पाचव्या आठवड्यानंतर पिशवीत पाणी वाढतं, फुगवटे एकमेकांत मिसळतात आणि हाताला नेमकं काही सांगता येत नाही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत डोकी लागतात. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून हाडं एक्सरेत दिसू लागतात, पण इथे एक्सरे नाही. सोनोग्राफीचं मशीन दुसऱ्या दवाखान्यात आहे, आणि भूल दिलेली रानटी मांजर घेऊन रिक्षाने तिकडे कोण जाणार? त्यामुळे ठरवायचं ते बोटांनीच.

ऑपरेशन मी टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभी राहून पाहिलं आहे. एरवी मांजरीची गर्भपिशवी दोऱ्याइतकी बारीक असते, ती शोधून बाहेर काढायला वाकडा हूक लागतो. गाभण मांजरीत हूक लागत नाही. छेद जरा मोठा घेतला की पिशवी स्वतःच वर येते. तिची दोन शिंगं इंग्रजी वाय अक्षरासारखी दोन बाजूंना पसरलेली, त्यावर गुलाबी-जांभळे फुगवटे, आणि एरवी दिसतही नाहीत त्या रक्तवाहिन्या आता चांगल्या जाड झालेल्या. धोका त्या रक्तवाहिन्यांचा असतो. डॉक्टरबाई एरवी गाणी गुणगुणतात, इथे गप्प होतात. दोन्ही अंडाशयांपाशी चिमटे, दोरा, गाठ, पुन्हा गाठ. मग खाली गर्भाशयाच्या मुखापाशी तेच. सगळं मिळून एका तुकड्यात बाहेर येतं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये जातं. मांजरीला कातडीखाली जास्तीचं सलाईन आणि दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या पिशव्या. डाव्या कानाचं टोक कापलं जातं, म्हणजे हिला पुन्हा पकडायला नको.

ट्रेमधली पिशवी उघडायची नाही, हा इथला कडक नियम. कुतूहल म्हणूनही नाही, मोजायला म्हणूनही नाही. मोजायचं ते बाहेरून. भूल आईच्या रक्तातून गर्भांपर्यंत पोचलेली असते आणि रक्तपुरवठा तुटल्यावर ते आतल्या आत, श्वास न घेता संपतात. पण मांजरीचे गर्भ प्राणवायूवाचून बराच काळ तग धरतात. म्हणून अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या दयामरणाच्या मार्गदर्शिकेत काढलेली पिशवी तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ न उघडण्याची सूचना आहे. पिशवी उघडली, एखाद्याने हवा ओढली, तर गोष्ट वेगळी होते. न्यूझीलंडचे डेव्हिड मेलर यांनी मेंढीच्या गर्भांवरच्या संशोधनाच्या आधारे मांडलं आहे की पोटात असताना गर्भ झोपेसारख्या अवस्थेत दाबून ठेवलेला असतो, जाणीव जन्मानंतर श्वासाबरोबर येते. मांजराचं पिल्लू तर जन्मतानाही अगदी कच्चं असतं, डोळे-कान बंद. म्हणजे वेदनेचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. मला हे पटतं. पण त्या ट्रेवर हिरवं कापड टाकताना मदतनीस ते नीट चारी बाजूंनी खोचतो, आणि तसं का करतोस असं त्याला कुणी विचारत नाही. दुखलं नाही म्हणजे काही गेलं नाही, असं त्या खोलीतलं कुणीच म्हणत नाही.

बाहेर म्हणतात ते वेगळं. आमच्या सोसायटीतल्या एक आजी मला म्हणाल्या, "मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, आणि तुम्ही तर पोटातल्यांसकट!" दुसऱ्या टोकाला एक तरुण कार्यकर्ता: "भावना बाजूला ठेवा, आकडे बघा." आकडे आहेत. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनात मोकाट मांजरांवर केलेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 169 पिल्लांपैकी 127 सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. चारातली तीन. आपल्या बाजारांत टेम्पोची चाकं, जुलाब, पॅनल्यूकोपेनियासारखा जीवघेणा आजार आणि पावसाळा आहे. चित्र याहून बरं असेल असं मानायला मला जागा दिसत नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, पण तोंडात धरून हलवताना वाटेत किती राहतात ते कोण मोजतं?

तरीही हा आकडा मला पुरत नाही. चारातली तीन मरणार म्हणून चौथ्यालाही जन्माला येऊ द्यायचं नाही, हे तर्कशास्त्र माणसांना लावलं तर कुणीही दचकेल. माणसांच्या गर्भपाताचे वाद इथे जसेच्या तसे आणणाऱ्यांचंही मला नवल वाटतं. तिथे सगळं त्या बाईच्या मर्जीभोवती फिरतं. इथे आईला विचारताच येत नाही. "तिला आई व्हायचं असेल" म्हणणारा आणि "तिची सुटका झाली" म्हणणारा, दोघेही तिच्या तोंडून आपलंच बोलत असतात.

माझं मत ठरतं ते दुसऱ्या बाजूने: सोडून दिलं तर पुढे काय? भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबाबतच्या 2001 च्या सरकारी नियमांत गाभण कुत्रीची नसबंदी करू नये, पिल्लं होईपर्यंत तिला सोडून द्यावं, अशी स्पष्ट तरतूद होती. हेतू दयेचाच. पण हेच मांजरीला लावायचं तर, एकदा पिंजऱ्यात सापडलेली मांजर दुसऱ्यांदा सहज पिंजऱ्यात जात नाही. बांगडा ठेवा, सुरमई ठेवा, लांबून बघते आणि निघून जाते. तोपर्यंत पिल्लं झालेली असतात आणि त्यांतल्या माद्या वयात येत असतात. सोडून न देता बाळंतपणासाठी ठेवून घ्यायचं तर एक स्वतंत्र खोली हवी, उरलेले दिवस अधिक पुढचे आठ आठवडे. माणसाला न सरावलेली मांजर पिंजऱ्यात ताणाने पिल्लं टाकून देते, कधी मारते. आणि ती खोली आज ज्या पिल्लांना हवी आहे, ती जन्मलेली आहेत. बाहेर बुटांच्या खोक्यात ओरडत असतात. म्हणून "होऊ द्या की पिल्लं" असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते, तुमच्या घरी खोली आहे का? असेल तर मी स्वतः पिंजरा पोचवते. दोघांनी खरंच खोली दिली. त्यांच्यापुढे माझा काही वाद नाही.

अगदी दिवस भरलेल्या मांजरीशी येऊन मात्र मी अडखळते, आणि डॉक्टरबाईही. आचळात दूध उतरलेलं, डोकी स्पष्ट लागणारी मादी आली की त्या हातमोजे काढतात. अशांना भूल उतरवून ठेवून घेतात, जागा नसली तरी करतात काहीतरी. प्रश्न त्याच्या अलीकडच्या आठवड्यांचा असतो.

चैत्रात तशी एक आली, मच्छी मार्केटमधली राखाडी पट्ट्यांची. बोटं दोनदा मागे आली. "सहा आठवडे. कमी नाहीत." दूध नव्हतं. दवाखान्याच्या संमतीपत्रावर एक ओळ छापलेली आहे: मादी गाभण आढळल्यास गर्भपिशवीसह शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे. तिच्यापुढे मांजर आणणाऱ्या कोळीण मावशींचा अंगठा होता. अनेक दवाखाने या ओळीच्या बळावर पुढे जातात आणि संध्याकाळी काही बोलत नाहीत. मांजर परत देतात, गोळ्या देतात. खायला घालणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं त्यावर सांगतात. मला हे मुळीच मान्य नाही. रोज संध्याकाळी टोपलीतली उरलेली मांदेली जिने त्या मांजरीपुढे टाकली, तिच्यापासून हे लपवायचं म्हणजे आपलं काम सोपं करायचं.

डॉक्टरबाईंनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे बाजाराचा गलका.

"मावशी, ती पोटुशी आहे."

"मना वाटलंच. पोट बघून वाटलं, मंग म्हटलं खाऊन फुगली आसंल."

"आता ऑपरेशन केलं तर पिल्लं जातील. नाही केलं तर तुम्हाला तिला तीन आठवडे आणि पिल्लं मोठी होईपर्यंत सांभाळावं लागेल. बंद जागेत."

"बंद जागा कुठली आणू, बाय? माझी मेलीची एक खोली, त्यात सात माणसं." मग थोडं थांबून, "गेल्या बारीला चार झाली. तीन गटारात गेली, मीच काढली. करा तुम्ही. पण किती हायेत त्ये मना सांगा."

मांजरीचा श्वास सारखा चालला होता. मदतनीसाने केस काढायचं मशीन पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळी मावशी स्वतः आल्या, हात धुतले तरी अंगाला मासळीचा वास. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "पाच." मावशींनी मान हलवली आणि पिंजऱ्यावरची चादर वर करून आत पाहिलं. मांजर फिस्कारली. टाके विरघळणारे आहेत, पण पाच दिवस तिला ओल्यात जाऊ देऊ नका, असं सांगताच त्या उसळल्या: मार्केटात ओलं नाही अशी जागा दाखवा मला! शेवटी बर्फाच्या गोदामामागच्या लाकडी माळ्यावर तडजोड झाली. मी रजिस्टरमध्ये तारीख, रंग, 'गाभण, अंदाजे सहा आठवडे, 5' असं लिहिलं. मावशी पिंजरा उचलता उचलता म्हणाल्या की गेल्या खेपेची चौथी, वाचलेली, आता चार-पाच महिन्यांची झाली आहे आणि परवापासून एक बोका तिच्या मागे फिरतो आहे.

डॉक्टरबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. "बुधवारपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या."