वडाजवळचे आणि मळ्यातले

सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या विकास सोसायटीत मी तीन दिवस बसून होतो. जुन्या नोंदी संगणकावर चढवण्याचं काम चाललं होतं. गटसचिव खतावणीचं एकेक पान मोठ्यानं वाचत आणि शेजारचा मुलगा टाइप करत जाई : सभासद क्रमांक, भाग (शेअर), येणे मुद्दल, येणे व्याज, शेवटच्या भरण्याची तारीख.

केंद्र सरकारनं जून 2022 मध्ये अशा 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. 2,516 कोटींचा खर्च, नाबार्डची देखरेख, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. या मोठ्या कामाचा सगळा भार गावात एका खुर्चीवर येतो.

दुसऱ्या दिवशी काम अडलं. एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले दोन सभासद निघाले. खतावणीत एकापुढे ‘वडाजवळचे’ लिहिलेलं, दुसऱ्यापुढे ‘मळ्यातले’. पडद्यावर वडाला जागा नव्हती. तिथं आधार आणि जमिनीच्या 8-अ उताऱ्याचा खाते क्रमांक हवा होता. वडाजवळचे वारलेले, वारसनोंद झालेली नाही. त्यांच्या मुलाला बोलावलं, तो उसाचं पाणी सोडून तसाच आला. “भाऊसाहेब, आबांचं कर्ज मागंच भरलंय की!” घरी जाऊन पावती घेऊन आला. पावती खरी होती. रक्कम मात्र मळ्यातल्यांच्या पानावर जमा झाली होती, आधीच्या सचिवांच्या काळात. सचिवांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले.

ही चूक तशीच चढली असती, तर ती कुणाला दिसलीही नसती. संगणकातून निघालेला उतारा माणसं खराच धरतात. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, की केंद्र आणि राज्याच्या सवलतीमुळे व्याज शून्यावर येतं. म्हणजे भरण्याच्या तारखेला पैशाइतकीच किंमत आहे. सोसायटीचा ताळाही याच नोंदींवर ठरतो. बँकेचं देणं जास्त आणि सभासदांकडचं येणं कमी, अशी स्थिती आली की सोसायटी ‘अनिष्ट तफावती’त गेली म्हणतात. मग नव्या कर्जासाठी सगळ्या गावाची ओढाताण होते.

डिजिटल अर्थव्यवस्था म्हटलं, की आपल्याला टपरीवरचा क्यूआर कोड आठवतो. यूपीआय 2016 मध्ये आलं आणि गावागावांत रुजलं, याचा मला आनंदच आहे. पण पेरणीच्या वेळी खात्यात पैसा येतो तो या खतावणीतून. राज्याच्या 2019 च्या कर्जमुक्ती योजनेतही याद्या आणि आधार प्रमाणीकरण यांवरच सगळं अवलंबून होतं. फेब्रुवारी 2023 च्या करारानंतर सोसायट्यांना सामाईक सेवा केंद्राच्या तीनशेहून अधिक सेवा देता येऊ लागल्या. त्या जरूर द्याव्यात. पण ज्याचं कर्जखातंच चुकीचं आहे, त्याला त्या खिडकीचा काय आधार?

तिसऱ्या संध्याकाळी तेरजेत 90 रुपयांचा फरक राहिला. दोघांनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. रात्री नऊला तो सापडला : एका भागाच्या रकमेत शून्य राहिलं होतं.

तुमच्या सोसायटीच्या नोंदी चढत असतील, तर एक दिवस काढून तिथं जा. आपला खातेउतारा मागा, तो मोठ्यानं वाचून घ्या, आणि जाताना जुन्या पावत्यांची पिशवी बरोबर न्या.