पासवर्ड न देता बुद्धिबळाची टॉप टेन यादी कशी मिळवायची?

मोबाईलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांना यादीत सगळ्यात वर कोण आहे, याची भारी उत्सुकता असते. यादी दाखवतो म्हणून एखादं अनोळखी अ‍ॅप पासवर्ड मागतं आणि मुलं देऊनही टाकतात. अनेक घरांत तोच पासवर्ड अब्बांच्या ई-मेललाही असतो! खरं तर याची काही गरजच नाही. शाळेत थोडंफार पायथॉन शिकलेली मुलं ही यादी स्वतः आणू शकतात.

उदाहरण म्हणून लिचेस घेऊ. २०१० मध्ये सुरू झालेली ही साइट मोफत आहे, जाहिराती नाहीत. (शतरंज खेळण्याबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, त्या चर्चेत इथे शिरत नाही.) आपण साइट डोळ्यांनी बघतो, तशी प्रोग्रामसाठी तिथे वेगळी खिडकी असते. तिला एपीआय म्हणतात. त्या खिडकीशी बोलण्याचं काम 'बर्सर्क' नावाची पायथॉन लायब्ररी करते.

टर्मिनलमध्ये 'पिप इन्स्टॉल बर्सर्क' ही कमांड द्या. प्रोग्राममध्ये बर्सर्क इम्पोर्ट करून क्लायंट बनवा आणि त्याचा कंस रिकामाच ठेवा. ही यादी सर्वांसाठी खुली आहे, त्यामुळे लॉगिन लागत नाही. मग क्लायंटच्या 'युजर्स' भागातलं 'गेट लीडरबोर्ड' फंक्शन वापरा. त्याला खेळाचा प्रकार, समजा 'ब्लिट्झ', आणि १० हा आकडा द्या. २०० पर्यंत नावं मागता येतात.

उत्तरात लिस्ट मिळते, प्रत्येक खेळाडूची एक डिक्शनरी. युजरनेम लगेच सापडतं. रेटिंग मात्र आत दडलेलं असतं: आधी 'पर्फ्स', त्यात 'ब्लिट्झ', त्यात 'रेटिंग'. सरळ 'रेटिंग' मागितलं की एरर येते आणि मुलं वैतागतात. आधी पूर्ण डिक्शनरी प्रिंट करून बघा, मग कोडं सुटतं.

लूप लावून सारखं विचारत बसू नका. एका वेळी एकच विनंती पाठवा. ४२९ हा एरर आला तर पूर्ण एक मिनिट थांबा.

स्वतःच्या खात्यातून प्रोग्रामने खेळायचं असेल तर मात्र टोकन लागतो. तो साइटवरच बनतो, हव्या तेवढ्याच परवानग्या देता येतात, नको तेव्हा रद्द करता येतो. पण टोकन कोडमध्ये लिहून तो कोड गिटहबवर किंवा मित्रांच्या ग्रुपवर टाकला, तर तो वाचणारा कुणीही त्या परवानग्या वापरू शकतो. असं झालं असेल तर आधी टोकन रद्द करा. पासवर्डच कुठे देऊन बसला असाल तर तो आजच बदला, आणि ई-मेलचाही.