असं का? : चढ आला की सायकलस्वार उभा का राहतो?

मिरजगावात नगर-सोलापूर रस्ता सोडून शेताकडच्या पाणंदीला लागलं, की चढावर हे हमखास दिसतं: बिनगिअरच्या सायकलवरचा पोरगा सीटवरून उठतो आणि उभ्यानं पायडल मारू लागतो.

समजा, पुढच्या चकतीला ४४ दात आहेत, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाक २८ इंची असेल तर सायकल साधारण साडेपाच मीटर पुढं सरकते. सपाटीवर झकास! चढावर मात्र तेवढ्याच फेरीत सायकल आणि स्वार दोघांनाही वर चढवायचं असतं. गिअरवाला एका फेरीतलं अंतर कमी करतो, म्हणजे पोतं एकदम न उचलता दोन खेपांत नेतो. इथं ती सोय नाही. म्हणून स्वार अख्खं वजन एका पायडलवर टाकतो, वर हँडल ओढून जोर वाढवतो.

अशा वेळी पुढचा ताठ, बिनस्प्रिंगचा चिमटा उपयोगी पडतो. स्प्रिंग असती तर प्रत्येक हिसक्याला दबली असती आणि थोडी मेहनत तिथंच जिरली असती. उतारावर मात्र खड्ड्याचा दणका थेट मनगटात. तेव्हा उभं राहून कोपर-गुडघे सैल सोडायचे. धक्का सांध्यांत विरतो. हँडलला दुधाची किटली असेल, तर सरळ उतरून चालावं.