हेडफोन खरोखर बंद झाला का?

दुपारचे कीर्तन, सायंकाळचा हरिपाठ, जुनी नाट्यगीते, परगावी असलेल्या लेकीशी होणारे बोलणे. बिनतारी हेडफोन आता ज्येष्ठांच्या घरात चांगलाच रुळला आहे. मुलांनी हौसेने नेकबँड आणून दिलेला असतो, तो मोबाइलशी जोडून दिलेला असतो आणि चालू कसा करायचा हेही दोनदा दाखवलेले असते. बंद कसा करायचा, हे दाखवायचे मात्र बहुधा राहून जाते. कानातून काढला, खुंटीला अडकवला, की तो बंद झाला अशी समजूत मग आपोआप तयार होते. दिव्याचे, पंख्याचे बटण कटाक्षाने बंद करणारी पिढी या एका वस्तूच्या बाबतीत अशी निश्चिंत असते, कारण ती वस्तू चालू आहे हे सांगणारा आवाज किंवा वारा तिच्यातून येत नाही.

दवाखान्यात बसणाऱ्या माणसाने या विषयावर लिहावे, याचे आपल्याला आश्चर्य वाटेल. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एक नवी तक्रार वरचेवर येऊ लागली आहे. ‘डॉक्टर, मला मोबाइलवर काहीच ऐकू येत नाही.’ कान तपासावेत तर मळ नाही, पडदा ठीक, समोर बसून बोललेले वयाच्या मानाने नीट ऐकू येते. केवळ मोबाइल तेवढा मुका. अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो, घरात ब्लूटूथचा हेडफोन आहे का आणि या क्षणी तो कुठे आहे? ‘कपाटात’, ‘उशाशी’, ‘देवघराजवळच्या खुंटीला’ अशी उत्तरे येतात. तो बंद केला होता का, या प्रश्नावर मात्र आजी-आजोबा आणि सोबत आलेली सून एकमेकांकडे पाहू लागतात.

घडते ते असे. हेडफोन चालू असेल, तर मोबाइल आपला आवाज स्वतःच्या स्पीकरमधून न देता बहुधा त्याच्याकडे पाठवतो. ब्लूटूथची ही जोडणी साधारण दहा मीटरपर्यंत टिकते, म्हणजे शेजारच्या खोलीतील कपाट तिच्या टप्प्यात येते. फोन वाजतो, आजी तो उचलून कानाला लावतात, आणि लेकीचा आवाज कपाटात जातो. आजींचे ‘हॅलो, हॅलो’ही लेकीला ऐकू जात नाही, कारण बोलणे टिपण्याचे कामही मोबाइलने हेडफोनच्या माइकवर सोपवलेले असते. लेकीच्या बाजूने पाहिले तर आईने फोन उचलला, पण ती बोलत नाही. घाबरून ती शेजाऱ्यांना फोन करते. इकडे आजी मनाशी म्हणतात, आता कानही गेले. मला या दुसऱ्या गोष्टीची अधिक काळजी वाटते. एकदा असा ग्रह झाला की वृद्ध माणूस फोन उचलणेच टाळू लागतो.

छातीत दुखू लागले, घरात कोणी नाही, १०८ किंवा ११२ वर फोन लावला आणि पलीकडचा आवाज कपाटातील हेडफोनला ऐकू जातो आहे, असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. म्हणून प्रत्येक ज्येष्ठाला एक गोष्ट आधी शिकवून ठेवावी. फोन चालू असताना पडद्यावर स्पीकरचे किंवा ब्लूटूथचे चिन्ह दिसते. त्यावर बोट ठेवले की ‘फोन’, ‘स्पीकर’, ‘ब्लूटूथ’ असे पर्याय येतात. त्यातला ‘स्पीकर’ निवडला की आवाज लगेच मोबाइलमध्ये परत येतो. काळजी घेणाऱ्यांनी हे केवळ तोंडी सांगू नये. मुद्दाम हेडफोन दुसऱ्या खोलीत चालू ठेवावा, घरातूनच फोन लावावा आणि आजी-आजोबांच्या हातून हे तीन-चार वेळा करून घ्यावे.

दुसरा प्रकार याहून नाजूक आहे. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांचे चिरंजीव घेऊन आले. रात्री खोलीत कोणी बाई इंग्रजीत बोलते, असे आजी सांगत होत्या. घरात कुजबुज सुरू झाली होती, मानसोपचारतज्ज्ञांचे नावही निघाले होते. वृद्धांना अचानक आवाज ऐकू येऊ लागले किंवा त्यांचे भान हरपू लागले, तर त्यामागे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, एखाद्या नव्या औषधाचा परिणाम अशी कारणे असू शकतात. ती तपासायलाच हवीत आणि आम्ही ती तपासली. सर्व अहवाल ठीक आले. मग चिरंजीवांना दोन रात्री आईच्या खोलीत झोपायला सांगितले. दुसऱ्या रात्री त्यांनाही ती बाई ऐकू आली. उशीखाली सरकलेला नेकबँड ‘बॅटरी लो’ असे सांगत होता. आजी रोज भजने ऐकून तो तसाच ठेवत असत, आणि चार्जिंग संपत आले की त्या रात्री तो बोलू लागे. हेडफोन सापडला म्हणून प्रत्येक भासाचे कारण तेच, असे मात्र कोणी समजू नये. हेडफोन बंद करूनही आवाज ऐकू येत असतील, तर डॉक्टरांकडे जायला विलंब लावू नये.

आता बंद करण्याच्या रीतीकडे वळू. डोक्यावरून घालायच्या हेडफोनला आणि बहुतेक नेकबँडला एक मुख्य बटण असते. ते नुसते टिचकीसारखे दाबले तर गाणे थांबते किंवा फोन घेतला जातो, हेडफोन बंद होत नाही. बंद करायला ते साधारण तीन ते पाच सेकंद दाबून धरावे लागते. ‘राम कृष्ण हरी’ सावकाश दोनदा म्हणावे, तेवढा वेळ. ‘पॉवर ऑफ’ असा आवाज आला किंवा दिवा एकदा चमकून विझला, की बोट उचलावे. बंद झाला की नाही या शंकेने पुन्हा लगेच दाबू नये, कारण त्याच बटणाने तो चालूही होतो. चालू करताना बटण फार वेळ धरले, तर अनेक हेडफोन नवा मोबाइल शोधू लागतात आणि त्यांचा दिवा लाल-निळा असा आलटून पालटून लुकलुकू लागतो. ही बंद होण्याची खूण नव्हे.

ज्यांना कंपवात आहे किंवा अंगठ्याच्या सांध्यात दुखते, त्यांना पाच सेकंद बटण धरून ठेवणे अवघड जाते. त्यांनी हेडफोन हातात अधांतरी धरू नये. तो टेबलावर ठेवावा, एका हाताने स्थिर करावा आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने वरून भार द्यावा. दृष्टी अधू असेल तर मुख्य बटणावर एक छोटी टिकली चिकटवावी, म्हणजे बोटाला जागा सापडते. टिकली माइकच्या बारीक छिद्रावर येणार नाही, एवढे पाहावे.

नेकबँडची दोन्ही टोके चुंबकाने एकमेकांना चिकटतात. ती चिकटवली की तो बंद होतो, असे अनेकजण मानतात. काही नेकबँड तसे बंद होतातही. काहींची नुसती जोडणी सुटते, आणि काहींत यातले काहीच होत नाही, ती टोके केवळ लोंबू नयेत म्हणून चिकटतात. आपला कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखायला दुकानदाराची गरज नाही. टोके चिकटवावीत, एखादे मिनिट थांबावे आणि मोबाइलवर गाणे लावावे. गाणे मोबाइलमधून वाजले तर जोडणी सुटली आहे. मोबाइल मुका राहिला तर हेडफोन जागा आहे. हीच परीक्षा कोणत्याही हेडफोनला लावता येते, आणि दिवा दिसत नसलेल्यांसाठी तीच सर्वांत भरवशाची. जाता जाता एक सूचना. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी अशी चुंबकाची टोके किंवा इअरबड्सची डबी छातीवरच्या खिशात ठेवू नये. साधारण पंधरा सेंटीमीटर अंतर राखावे आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे.

कानात बसणाऱ्या छोट्या इअरबड्सना बंद करायचे वेगळे बटण सहसा नसते. ते डबीत ठेवून झाकण लावले की बंद होतात आणि तिथेच चार्जही होतात. ही सोय चांगली आहे, पण बहुतेक बिघाडही इथलेच. डबीत बारीक धातूच्या पिना असतात आणि बडवर त्यांच्या जोडीचे ठिपके. त्यांचा स्पर्श झाला तरच बडला कळते की आपण घरी आलो. कानातील मळ, घाम, केसांचे तेल, टाल्कम पावडर यांचा पातळ थर त्या ठिपक्यांवर बसला, की बड डबीत असूनही जागाच राहतो. कोरड्या मऊ कापडाने किंवा कापूस लावलेल्या काडीने ठिपके आणि पिना हलकेच पुसाव्यात. पाणी, तेल, थुंकी यांपैकी काहीही लावू नये. (त्या काडीचा खरा उपयोग हा. कान कोरण्यासाठी तिला हातही लावू नका, मळ आत ढकलला जातो आणि पडद्याला इजा होण्याची भीती असते. कानात तेल घालण्याची सवयही या निमित्ताने सोडावी.) डबीचे स्वतःचे चार्जिंग पूर्ण संपले असेल, तरी अनेक बड बंद होत नाहीत. डावा-उजवा बदलला असेल किंवा कानाला बसावे म्हणून मोठे रबर लावले असेल, तर बड खोलवर बसत नाही आणि झाकण किंचित उघडे राहते. डबीत ठेवताना हलकासा ‘टक्’ जाणवला पाहिजे.

इतके करूनही हेडफोन बंद होत नसेल, बटणाला दाद देत नसेल, तर प्रथम त्याला चार्जर जोडावा. पुष्कळ हेडफोन चार्जिंगला लावताच स्वतःहून बंद होतात. अर्ध्या तासाने चार्जर काढून बटण पुन्हा नेहमीसारखे दाबून पाहावे. त्याने जमले नाही तर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, काही हेडफोन त्याने नव्याने सुरू होतात. तरीही अडले तर मोबाइलच्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन त्या हेडफोनचे नाव काढून टाकावे, सोबतच्या माहितीपत्रकात दिलेल्या रीतीने तो मूळ स्थितीत आणावा आणि नव्याने जोडावा. हे काम नातवंडांवर सोपवावे, त्यांना ते पाच मिनिटांत जमते. काहीच उपाय चालला नाही तर चार्जिंग आपोआप संपू द्यावे आणि मग पुन्हा चार्ज करून पाहावे. सुई, सेफ्टी पिन, मोबाइलचे सिमकार्ड काढायची तार असले काही छिद्रांत घालू नये, आणि हेडफोन उघडू तर मुळीच नये. आत लिथियमची बॅटरी असते. हेडफोन तापू लागला किंवा त्याचा आकार फुगलेला दिसला तर त्याला पुन्हा चार्जर लावू नये. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावा.

‘आमचा आपोआप बंद होतो’ असे सांगणारेही भेटतात. तशी सोय बऱ्याच हेडफोनमध्ये असते, पण ती बहुधा मोबाइलशी जोडणी तुटल्यावर काही मिनिटांनी चालते. मोबाइल त्याच घरात असेल तर जोडणी तुटतच नाही. शिवाय काही हेडफोन एकाच वेळी दोन यंत्रांशी जोडलेले राहतात. मोबाइलपासून तोडला, तरी तो टीव्हीला किंवा नातवाच्या टॅबला धरून जागा राहू शकतो.

घरातील काळजीवाहकांसाठी सोपा मार्ग असा की हे काम रात्रीच्या नेहमीच्या क्रमात बसवावे. गोळ्या घेतल्या, कवळी पाण्यात ठेवली, चष्मा घरात ठेवला, हेडफोन बंद करून ठरलेल्या जागी ठेवला. जागा एकच असावी आणि ती उशाशी नसावी. कानात हेडफोन घालून झोपी जाण्याची सवय तर मोडावीच. रात्री उठताना तार किंवा पट्टा कशाला तरी अडकणे, दाराची घंटा ऐकू न येणे, रात्रभर कानावर आवाज पडत राहणे, यातले काहीच या वयात परवडणारे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सांगितली आहे. रात्रभर चालणाऱ्या हेडफोनला ही मर्यादा गाठायला आठवडा लागत नाही. मुलांकडे परदेशी चार-सहा महिने जाणार असाल, तर हेडफोन साधारण निम्मा चार्ज करून आणि बंद करून ठेवावा. पूर्ण रिकाम्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिला तर परत आल्यावर तो उठत नाही.

ज्यांच्याकडे श्रवणयंत्र आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्ये. बारीक गोल सेल असलेल्या यंत्राचे सेलचे झाकण रात्री उघडे ठेवावे. चार्जिंगच्या यंत्राच्या बाबतीत, ते डबीत ठेवल्यावर डबीला वीज मिळते आहे ना ते पाहावे, कारण काही यंत्रे वीज नसलेल्या डबीत चालूच राहतात.

आणि ज्यांच्या हाताला बटण दाबून धरणे जमतच नाही, त्यांच्या मुलांना मी सरळ तारेचा हेडफोन घ्यायला सांगतो. नव्या मोबाइलला गोल भोक नसेल तर टाइप-सी पिनचा मिळतो. तो मोबाइलमधून काढला की आवाज मोबाइलमध्ये परत येतो. बंद करण्याचा प्रश्नच उरत नाही, चार्जिंगचाही नाही.