आतड्यातील अडथळा: शेकण्यापूर्वी निदान आवश्यक

आयुर्वेदाचे अध्यापक पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मानवी शवविच्छेदन केले. शरीराच्या आत पाहून कारण जाणण्याची ही दृष्टी पोटदुखीच्या शुश्रूषेतही महत्त्वाची आहे.

पोट दुखू लागले की गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे हा घरोघरी रूढ असलेला उपाय आहे. उष्णतेने स्नायू सैलावतात आणि वेदनेची जाणीव कमी होते. मात्र, आतड्यात अडथळा असल्यास तो शेकाने दूर होत नाही. उलट, आतड्याला पीळ पडून रक्तपुरवठा खंडित झाल्यास ते उशिरा लक्षात येण्याचा धोका असतो.

थांबून थांबून येणारी तीव्र कळ, वारंवार उलट्या, फुगलेले पोट आणि शौच व वायू कोंडणे ही लक्षणे आढळल्यास रुग्णाला खाण्यापिण्यास किंवा रेचक न देता तातडीने रुग्णालयात न्यावे. तेथे शिरेवाटे द्रव देणे, नाकातून नळी घालून जठर रिकामे करणे आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया हे मुख्य उपचार होत.

निदानानंतर डॉक्टरांनी अनुमती दिल्यासच परिचारिकेने शेक द्यावा. पिशवी कापडात गुंडाळावी आणि त्वचा वारंवार तपासावी. शेक हा दिलासा आहे, उपचाराला पर्याय नव्हे.