लसीची सक्ती : कोठे आणि कोठवर?

लस घेतल्याखेरीज गाडीत पाऊल नाही, सभागृहात प्रवेश नाही, असा नियम सरकारने करावा काय? हा वाद निघाला की एक पक्ष म्हणतो, देह माझा आहे. दुसरा म्हणतो, साथ सर्वांची आहे. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि म्हणूनच नुसत्या घोषणांनी हा प्रश्न सुटत नाही. तो सोडवायचा तर प्रत्येक नियमाला आधी एक गोष्ट विचारली पाहिजे : माझ्या लस घेण्याने माझ्या शेजाऱ्याचे रक्षण किती होते?

पीतज्वराचे उदाहरण घ्या. हा रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील उष्ण प्रदेशांत आहे, आपल्याकडे नाही. परंतु तो पसरविणारा एडिस डास, जो डेंग्यूही पसरवितो, आपल्या घरच्या पिंपातच वाढतो. दारू कोठारात भरलेली आहे, ठिणगी तेवढी पडायची आहे! म्हणून त्या देशांतून येणाऱ्याकडून भारत सरकार लसीचा दाखला मागते. टोचल्यावर १० दिवसांनी तो लागू होतो, आणि २०१६ पासून तो आजन्म चालतो. दाखला नसलेल्यास ६ दिवसांपर्यंत अलग ठेवता येते. येथे धोका दुसऱ्यांना आहे, लस खात्रीची आहे आणि बंधन थोड्या दिवसांचे आहे. नियमाचे तिन्ही पाय भक्कम आहेत.

आता मुंबईकडे वळू. १५ ऑगस्ट २०२१ पासून, करोनाच्या लसीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्या सामान्य उतारूंना लोकलची दारे उघडली. इतरांना ती बंदच राहिली. ज्याच्या दारी मोटार होती त्याला हा नियम शिवलाही नाही. कल्याण-विरारहून रोजीसाठी येणाऱ्याच्या मात्र तो पोटावर आला. पुढे ओमायक्रॉनच्या लाटेत लस घेतलेल्यांनाही संसर्ग होऊ लागला व त्यांच्यापासून तो इतरांना लागू लागला. गंभीर आजार व मृत्यू यांपासून लस रक्षण करीतच होती. पण ते मुख्यतः घेणाऱ्याचे रक्षण होते. शेजाऱ्याच्या नावाने घातलेल्या बंधनाचा पायाच त्यामुळे ढिला झाला.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा तोलला. कोणालाही बळाने लस टोचता येणार नाही, असे त्याने सांगितले. पण सरकारला बंधने घालताच येत नाहीत, असे म्हटले नाही. बंधनाला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि बंधन त्या हेतूच्या प्रमाणात हवे. लस न घेतलेल्यांपासून संसर्ग अधिक पसरतो, हे दाखविणारी माहिती न्यायालयापुढे आली नव्हती.

यावरून लसच निरुपयोगी, असा अर्थ काढणे चुकीचे होय. देवीचा रोग लसीनेच पृथ्वीवरून गेला. १९८० साली तशी घोषणा झाली. लस घ्यावी काय आणि लस लादावी काय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर वैद्याने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर सरकारने कारणांसह द्यावे, आणि कारणे बदलली की नियमही बदलावा. ती कारणे मागणे हे नागरिकाचे काम आहे.